पाच मैलांवरची बातमी

कोल्हापूरच्या स्टेशनावरून मिरजेच्या गाडीत बसले की आमची शाहूपुरी आणि गुळाचा बाजार मागे पडतो आणि पाचेक मैलांवर वळिवडे येते. आज तिथे गांधीनगर आहे. घरात लग्नकार्य निघाले की बस्ता बांधायला आपल्याकडची मंडळी गांधीनगरला जातात, दुकाने पालथी घालतात आणि गाठोडी घेऊन परत येतात. ह्या कापडाच्या पेठेच्या जागी १९४३ ते १९४८ अशी पाच वर्षे युरोपातील पोलंड देशाची एक वसाहतच होती. सुमारे पाच हजार माणसे. त्यांत बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. पंचगंगेकाठच्या माळावर त्यांच्या बराकी होत्या, शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते, नाटके होत असत.

ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेली आहे. परंतु ही माणसे इथे का आली, असे विचारले तर काय उत्तर येते? मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि हा प्रश्न मुलांना नेहमी घालतो. बहुतेकांचे उत्तर एकच असते : हिटलरने छळ केला म्हणून. मुलांचा त्यात दोष नाही. वर्तमानपत्रांतून, भाषणांतून आजही असेच छापून येते, बोलले जाते. आणि तरी ते उत्तर बरोबर नाही. वळिवड्याच्या ह्या माणसांना घरातून उठवले ते हिटलरने नव्हे, स्टालिनच्या सरकारने. मग आपल्या उंबऱ्याशी पाच वर्षे राहून गेलेल्या माणसांची मूळ हकीकत आपल्याला उलटी कशी कळली? आज मला बोलायचे आहे ते ह्यावर. कारण ही नुसती वळिवड्याची गोष्ट नाही. परदेशची बातमी आपल्यापर्यंत कशी येते, वाटेत तिचे काय होते, हे तिच्यात दिसते.

प्रथम हकीकत काय ती पाहू. २३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि रशिया ह्यांनी एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्याला एक गुप्त पुरवणी होती. तीत पोलंडची वाटणी ठरली होती. १ सप्टेंबरला हिटलर पश्चिमेकडून पोलंडात शिरला, हे प्रत्येक शाळकरी पुस्तकात आहे. १७ सप्टेंबरला रशियाचे सैन्य पूर्वेकडून शिरले, हे वाक्य पुष्कळ पुस्तकांत नसते. पूर्व पोलंड रशियाच्या हाती गेल्यावर १९४० च्या फेब्रुवारीत, एप्रिलात, जूनमध्ये आणि पुन्हा १९४१ च्या जूनमध्ये, असे चार वेळा तेथील कुटुंबांना हद्दपार केले गेले. रात्री दार वाजायचे, बांधाबांध करायला तासभर मिळाला तर मिळाला, आणि मग मालगाडीच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास. कोणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकडे तोडायला, कोणी सायबेरियात, कोणी कझाकस्तानच्या गवताळ माळावर. किती माणसे नेली ह्याचा वाद आहे. पूर्वी हा आकडा दहा लाखांच्या वर सांगत. रशियाची दप्तरे उघडल्यावर ह्या चार खेपांचा आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास निघाला. आकडा कमी झाला म्हणून दुःख कमी होत नाही, पण आकडा तपासून घ्यावा हे खरे.

२२ जून १९४१ ला हिटलर रशियावरच उलटला. कालचा भागीदार आजचा शत्रू झाला आणि रशिया इंग्लंडचा दोस्त बनला. लंडनमध्ये पोलंडचे परागंदा सरकार होते, त्याने ३० जुलैला रशियाशी करार केला. त्यामुळे ह्या हद्दपार लोकांना सुटका मिळाली. सरकारी भाषेत तिला माफी म्हणत! गुन्हा काय होता हे कोणी विचारू नये. त्यांतील पुरुषांची जनरल अँडर्सच्या हाताखाली फौज उभी राहिली. १९४२ साली ती फौज आणि तिच्याबरोबर बायकामुले, मिळून एक लाखाहून अधिक माणसे, कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदराला उतरली. टायफस, हगवण, उपासमार ह्यांनी वाटेत आणि उतरल्यावरही माणसे दगावली. पुरुष लढाईवर गेले. बायकामुलांना आफ्रिकेत, मेक्सिकोत, न्यूझीलंडमध्ये आणि हिंदुस्थानात ठेवण्याची सोय झाली. जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी बालाचडीला अनाथ मुलांना आसरा दिला. इकडे कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, वळिवड्याला, मोठी छावणी झाली. १९४३ च्या मध्यास कराचीमार्गे माणसे येऊ लागली. त्या वेळी आपल्या गादीवर अल्पवयीन महाराज होते, कारभार रीजन्सीकडे होता. जागा संस्थानची, देखरेख दिल्ली सरकारची, आणि छावणीचा खर्च मुख्यतः लंडनच्या पोलिश सरकारच्या नावावर, असा तो बंदोबस्त होता. महाराजांनी स्वतःच्या खजिन्यातून सारे केले, अशी जी कथा सांगतात तीही म्हणूनच थोडी सुधारून घ्यावी लागते. कोल्हापूरच्या माणसांनी त्या लोकांशी माणुसकीने वागले, बाजारहाट केला, मैत्री केली, ह्याचा मोठेपणा त्याने उणा होत नाही.

आता बातमीकडे वळू. त्या काळी कोल्हापुरात पत्रे निघत होती. सत्यवादी होते, पुढारी होते. पुण्यामुंबईची पत्रे येत. पण परदेशची बातमी त्यांना कोठून मिळे? तारेने. आणि तार कोणाची? रॉयटरची. रॉयटरने मुंबईत कचेरी थाटली ती १८६६ साली. १८७० साली लंडनची रॉयटर, पॅरिसची हावास आणि बर्लिनची वोल्फ ह्या तीन कंपन्यांनी चक्क जगाची वाटणी करून घेतली. ब्रिटिश साम्राज्य रॉयटरकडे. म्हणजे इटलीत काय झाले, रशियात काय झाले, हे कोल्हापूरकराला कळायचे तर आधी लंडनच्या टेबलावर ते उतरायचे, तिथे निवडले जायचे आणि मग समुद्रातल्या तारेने मुंबईला यायचे. ती वाटणी पुढे मोडली तरी आपली वाट लंडनचीच राहिली. देशातल्या बातम्या देणारी असोसिएटेड प्रेस ऑफ इंडिया, तीही रॉयटरच्याच पंखाखाली.

शाहूपुरीतल्या माणसाला हे समजावून सांगणे सोपे आहे. गुऱ्हाळात गूळ होतो शेतकऱ्याच्या घामाने. तो रवा अडत्याकडे येतो, सौदा निघतो, व्यापाऱ्याकडे जातो, आणि अहमदाबादच्या दुकानात गिऱ्हाईक जो रवा पाहते त्यावर व्यापाऱ्याची खूण असते. ऊस कोणत्या रानातला, गुळव्या कोण, हे त्या गिऱ्हाईकाला कळायचे नाही. त्याला कळते ते दुकानदाराने सांगितलेले. बातमीतही अडत्या असतो. फरक इतकाच, की गुळाचा अडत्या फार तर भाव पाडील. बातमीचा अडत्या रवाच बाजारात येऊ देत नाही.

तसे एकदा घडले. १३ एप्रिल १९४३ रोजी बर्लिन रेडिओने जाहीर केले, की रशियात स्मोलेन्स्कजवळ काटीनच्या जंगलात पोलिश लष्करी अधिकाऱ्यांची हजारो प्रेते पुरलेली सापडली आहेत, त्यांना मानेत गोळ्या घालून मारले आहे, आणि हे काम रशियन गुप्त पोलिसांचे आहे. दोन दिवसांनी मॉस्कोने उत्तर दिले : हे सारे खोटे, ते कैदी १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मनांच्या हाती सापडले आणि जर्मनांनीच त्यांना मारले. लंडनच्या पोलिश सरकारने म्हटले, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने चौकशी करावी. एवढे म्हणताच २५ एप्रिलला स्टालिनने पोलिश सरकारशी संबंध तोडले.

आता जरा त्या वेळच्या वाचकाच्या जागी बसून पाहा. एका बाजूला गोबेल्स, ज्याचे नावच खोटेपणाला लागलेले. दुसऱ्या बाजूला स्टालिन, पण तो आपल्या सरकारचा दोस्त, आणि नुकतीच त्याच्या सैन्याने स्टालिनग्राडची लढाई जिंकलेली. साऱ्या जगाची आशा तिकडे लागलेली. कोणावर विश्वास ठेवाल? शहाण्या माणसाने म्हटले असते, गोबेल्स बोलतो ते खोटेच असणार. पुष्कळ शहाण्या माणसांनी तसेच म्हटले. पण खोटारडा माणूसही कधीकधी खरे बोलतो, विशेषतः खऱ्याचा त्याला फायदा असतो तेव्हा. गोबेल्सला पोलिशांचा कळवळा नव्हता. त्याच्याच लोकांनी पोलंडात लाखो माणसे मारली, ज्यूंचा तर संहार त्या वेळी चालूच होता. त्याला दोस्तांत फूट पाडायची होती. तरी काटीनची बातमी खरी होती. म्हणून बातमी कोण सांगतो हे पाहणे जरूर आहे, पण तेवढे पाहून भागत नाही. ज्या गोष्टीविषयी सांगितले जाते तिचा पुरावा कोठे आहे, हेही शोधावे लागते.

आणि पुरावा कोठे होता? श्रोतेहो, पुरावा पत्रांत होता. रशियाने धरून नेलेल्या ह्या पोलिश अधिकाऱ्यांना कैदेच्या छावणीतून घरी पत्र पाठवता येत असे. ती पत्रे १९३९-४० च्या हिवाळ्यात येत होती. १९४० च्या वसंत ऋतूत ती एकाएकी थांबली. घरून पाठवलेली पत्रे परत येऊ लागली. जर्मन सैन्य स्मोलेन्स्कला पोहोचले ते १९४१ च्या जुलैत. म्हणजे मधले सव्वा वर्ष ती माणसे जिवंत असती तर एकाने तरी बायकोला चार ओळी लिहिल्या असत्या. प्रेतांच्या खिशांत जे कागद, ज्या रोजनिशा सापडल्या त्याही १९४० च्या वसंतातच थांबत होत्या. आणि १९४० च्या एप्रिलमध्ये जी हद्दपारीची दुसरी खेप निघाली ती खास करून अटकेतल्या माणसांच्या कुटुंबांचीच होती. इकडे नवऱ्यांना मारायचे आणि तिकडे बायकामुलांना कझाकस्तानात धाडायचे, असे ते एकाच वेळचे काम. त्या खेपेतून जी माणसे वाचून बाहेर पडली ती अशाच निर्वासित छावण्यांतून विखुरली होती.

म्हणजे लंडनच्या एखाद्या संपादकाला १९४३ साली काटीनविषयी खरे-खोटे करायचे असते तर गुप्तहेर पाठवण्याचे कारण नव्हते. ह्या बायकांपैकी कोणालाही एवढेच विचारायचे होते : बाई, तुमच्या मालकांचे शेवटचे पत्र कोणत्या तारखेचे?

हे विचारले गेले नाही, त्याला कारणे होती, आणि ती समजून घेतली पाहिजेत. नाहीतर आपण सगळ्यांना लबाड म्हणून मोकळे होऊ. रशिया त्या वेळी युद्धाचा सगळ्यांत मोठा भार वाहत होता. त्या युद्धात त्या देशाची दोन कोटींहून अधिक माणसे मेली. रशिया खचला, किंवा रागावून बाजूला झाला, तर हिटलर जिंकतो, हे इंग्लंडला दिसत होते. चर्चिलने पोलिश पंतप्रधान सिकोर्स्की ह्यांना हे प्रकरण ताणू नका, असाच सल्ला दिला. पोलिश सरकारकडे ब्रिटनचे जे वकील होते, ओवेन ओमॅली, त्यांनी मे १९४३ मध्येच एक अहवाल लिहिला आणि सारा पुरावा रशियाकडे बोट दाखवतो असे स्पष्ट म्हटले. तो अहवाल मोजक्या मोठ्या लोकांनी वाचला आणि कपाटात ठेवला. तो लोकांपुढे यायला जवळजवळ तीस वर्षे लागली. लंडनमधल्या पोलिश पत्रांना सबुरीने घ्या असे सांगितले जात होते. एका प्रमुख पोलिश साप्ताहिकाचा कागदाचा कोटाच १९४४ साली बंद झाला. कागद नाही तर पत्र नाही. बंदीचा हुकूम काढण्यापेक्षा हे सोयीचे.

पण हुकमाची गरजही फारशी पडली नाही, आणि ह्या गोष्टीचा सर्वांत विचार करण्याजोगा भाग मला हाच वाटतो. इंग्रज संपादकांनी, लेखकांनी, प्रकाशकांनी आपण होऊन तोंडे मिटली. दोस्ताविषयी वाईट लिहिणे बरे दिसत नाही, असे वातावरणच होते. हे ज्याने त्या वेळी ओळखले तो लेखक म्हणजे जॉर्ज ऑरवेल, आणि त्याचा आपल्या जिल्ह्याशी एक गमतीचा धागा आहे. १९४१ ते १९४३ ऑरवेल बीबीसीच्या पूर्वेकडील विभागात नोकरीला होता. हिंदुस्थानासाठी तो दर आठवड्याला युद्धाचे समालोचन लिही. त्यांतली काही मराठीत भाषांतर होऊन प्रसृत होत. त्याच विभागात त्याच्याबरोबर काम करीत होती वेणू चितळे, आपल्या शिरोळची मुलगी. तिचा मराठी आवाज लंडनहून ह्या मुलखात ऐकू येई. पुढे तिने इंग्रजीत कादंबरीही लिहिली. ऑरवेलने मात्र ती नोकरी सोडली आणि जनावरांची एक गोष्ट लिहायला घेतली. ती स्टालिनच्या राज्यावर बेतलेली. तिचे हस्तलिखित १९४४ साली एकामागून एक प्रकाशकांनी परत केले. त्यांतल्या एकाने तर सरकारी माहिती खात्यातल्या अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन नकार दिला. शेवटी ते पुस्तक १९४५ च्या ऑगस्टात, युरोपातले युद्ध संपल्यावर निघाले. त्याला जोडण्यासाठी ऑरवेलने एक प्रस्तावना लिहिली होती. इंग्लंडातली मुस्कटदाबी बरीचशी आपखुशीची आहे, असा तिचा आशय. ती प्रस्तावनाही छापली गेली १९७२ साली!

म्हणजे १९४३ साली कोल्हापुरात ज्याच्या घरी रेडिओ होता त्याला लंडन मराठीतून ऐकता येई. रात्री काटा फिरवला तर बर्लिनहून आझाद हिंद रेडिओही ऐकता येई. त्यावरही मराठीत बोलत. दोन्ही लहरी हजारो मैलांवरून येत. वळिवड्याची बाई काय पाहून आली हे सांगणारी तिसरी लहर नव्हती. ती बाई बाजारात भाजी घ्यायला येई, खुणांनी आणि तुटक्या मराठीत भाव करी, आणि आपल्या बराकीकडे परत जाई.

आपल्या लोकांचा ह्यात काही कसूर होता का? होता, असे मी म्हणेन, पण त्याचा रंग वेगळा होता. १९४२ नंतर आपल्याकडे सरकारी बातमीवर कोणाचा विश्वासच उरला नव्हता. साताऱ्याकडे प्रतिसरकार चालले होते, मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ होऊन गेला होता, भूमिगतांच्या पत्रिका हातोहात फिरत होत्या. देशातले खरे पत्रिकेतून कळते आणि छापील पत्रात सेन्सॉरची कात्री असते, हे खेड्यातल्या माणसालाही ठाऊक होते. परंतु ती हुशारी घरच्या बातमीपुरतीच राहिली. परदेशाच्या बाबतीत जो तो आपापल्या पक्षाच्या चष्म्यातून पाही. इंग्रजांचा ज्यांना संताप त्यांना जर्मन रेडिओ गोड वाटे. कम्युनिस्ट मंडळी लोकयुद्ध वाचीत, त्यांना रशियाविषयी वावगे ऐकवत नसे. आणि बाकीच्यांना पोलंड कोठे आहे ह्याची तरी काय पर्वा?

त्याच १९४३ साली बंगालात दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नान्न करून मेली. दुष्काळ हा शब्दसुद्धा सरकारला अडचणीचा वाटत होता. कलकत्त्याच्या स्टेट्समन ह्या इंग्रजांच्याच पत्राच्या संपादकाने, इयान स्टीफन्सने, ऑगस्ट महिन्यात रस्त्यावरच्या भुकेल्या माणसांची छायाचित्रे छापली, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. शब्दांना कात्री होती, छायाचित्रांविषयी नियम करायचा राहून गेला होता, त्या फटीतून ती बाहेर पडली. काटीनचे पोलिश आणि कलकत्त्याचे भुकेले, ह्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण दोघांची बातमी एकाच दारापाशी अडली होती : युद्धाला अडचण होते म्हणून.

वळिवड्याच्या लोकांना पुढे जे भोगावे लागले त्यातही बातमी आणि वस्तुस्थिती ह्यांची अशीच फारकत दिसते. १९४४ च्या मे महिन्यात इटलीतल्या माँते कसिनोच्या डोंगरावर अखेरचा हल्ला पोलिश पलटणींनी केला. ह्या छावणीतल्या कितीतरी बायकांचे नवरे, भाऊ, मुलगे त्या सैन्यात होते. त्याच इटलीत, त्याच आठव्या सैन्यात आपले मराठेही लढत होते. यशवंत घाडगे ह्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो १९४४ च्या जुलैतल्या लढाईबद्दल. म्हणजे इटलीच्या पत्राची वाट वळिवड्याच्या बराकीतही पाहिली जात होती आणि आपल्याकडच्या खेड्यांतूनही. मग १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टा येथे तिघा मोठ्यांची बैठक झाली. पोलंडची पूर्व सरहद्द मागे सरकवली गेली. मे महिन्यात जर्मनी शरण आला आणि पोलंड मुक्त झाला, अशी बातमी सगळीकडे झळकली. ती खोटी नव्हती. पण ल्वुव, विल्नो, व्होलिन ह्या भागांतून आलेल्या माणसांचे गाव आता पोलंडात राहिलेच नव्हते. ते रशियाच्या हद्दीत गेले होते. जुलैत ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनच्या पोलिश सरकारला कोणी विचारीनासे झाले. देश जिंकला आणि घर गेले. अशा माणसाने आनंद करायचा की सुतक पाळायचे?

म्हणून त्यांतील फार थोडे पोलंडला परतले. बरेचसे इंग्लंडला गेले, कोणी ऑस्ट्रेलियात, कोणी कॅनडा-अमेरिकेत. जी मेली ती कोल्हापुरातच दफन झाली. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत सिंधमधून घरदार टाकून आलेली आपली माणसे राहायला आली. त्यांनी शून्यातून पेठ उभी केली, तेच गांधीनगर.

काटीनचे सत्य जगाने कबूल करायला किती वेळ घेतला ते थोडक्यात सांगतो. १९४६ साली न्यूरेंबर्गच्या खटल्यात रशियाने हा खून जर्मनांच्या माथी मारला. निकालपत्रात न्यायाधीशांनी त्याचा उल्लेखच टाळला. १९५२ साली अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीने रशियाला दोषी ठरवले. पण तोवर शीतयुद्ध पेटले होते, म्हणजे आता ते बोलणे अमेरिकेच्या सोयीचे झाले होते. पोलंडात ह्याविषयी बोलणे चाळीस वर्षे गुन्ह्यासारखेच होते. १३ एप्रिल १९९० रोजी, बर्लिन रेडिओच्या त्या घोषणेला बरोबर सत्तेचाळीस वर्षे झाली त्या दिवशी, गोर्बाचेव्हच्या सरकारने जबाबदारी मान्य केली. १९९२ साली ५ मार्च १९४० चा स्टालिनच्या सहीचा कागद बाहेर आला. काटीन आणि इतर ठिकाणे मिळून मारलेल्यांचा आकडा रशियाच्याच दप्तरात २१,८५७ असा आहे.

स्वतंत्र झाल्यावर आपण काय केले? रॉयटरची मक्तेदारी मोडायची धडपड आधीपासूनच होती. सदानंदांनी १९२७ च्या सुमारास फ्री प्रेस नावाची वृत्तसंस्था काढली. पैशाअभावी आणि सरकारी जाचापुढे ती काही वर्षांतच बुडाली. १९४७ साली प्रेस ट्रस्ट ऑफ इंडियाची नोंदणी झाली आणि १९४९ पासून तिने काम हाती घेतले. पण परदेशच्या बातम्यांसाठी रॉयटरशी करार ठेवावाच लागला, कारण देशोदेशी स्वतःची माणसे ठेवायला पैसा कुठून आणणार? १९७६ साली अलिप्त राष्ट्रांनी आपापल्या बातम्यांचा एक साठा केला. कल्पना चांगली होती. पण त्यात बहुतेक देशांच्या सरकारी संस्थांचे कागद येऊन पडू लागले : अमुक मंत्र्यांनी तमुक कारखान्याचे उद्घाटन केले. असे कागद वाचायला कोणाला आवडेल? १९८० साली युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने मोठा अहवाल दिला, बातम्या श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकाच दिशेने वाहतात हे त्यात दाखवले. त्यावर भांडणेच फार झाली. आणि मुद्दा नुसता श्रीमंत-गरिबांचा नव्हता. दोस्ताविषयी गप्प बसण्याची खोड आपल्यालाही लागली. १९५६ साली रशियाचे रणगाडे हंगेरीत शिरले तेव्हा सुएझवर तडकाफडकी बोलणाऱ्या आपल्या सरकारला हंगेरीवर बोलायला बराच वेळ लागला. सरकारी नभोवाणीवरून मी हे बोलतो आहे, तेव्हा हेही बोलून टाकणे बरे.

आता तारेची जागा मोबाइलने घेतली आहे. बातमी मुठीत आली असे आपण म्हणतो. १९४३ साली रवा बाजारात येत नव्हता. आज इतके रवे येतात की खरा गूळ कोणता आणि साखर मिसळलेला कोणता हे ओळखायला चव लागते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला. आपल्या मराठी वाहिन्यांवर त्याच्या बातम्या दिवसरात्र चालल्या, कारण आपल्याकडची मुले तिथे डॉक्टरकीच्या शिक्षणाला होती. मुले घरी पोहोचली, आणि हळूहळू ते युद्ध आतल्या पानावर गेले. त्या दिवसांत ज्या ल्विव शहराचे नाव आपण सारखे ऐकत होतो, ते शहर म्हणजेच ल्वुव. वळिवड्याच्या छावणीत त्या मुलखातून आलेली माणसे होती. आपली मुले ज्या सरहद्दीवरून थंडीत चालत पोलंडात शिरली, ती सरहद्द याल्टाच्या बैठकीतून निघालेली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान पोलंडच्या दौऱ्यावर गेले तेव्हा वॉर्सातल्या कोल्हापूर-वळिवडे स्मारकालाही त्यांनी भेट दिली. आपल्याकडे ही बातमी पहिल्या पानावर आली, आणि यावीच. कोल्हापूरच्या औदार्याविषयी भरभरून लिहिले गेले. ती माणसे आली कोठून, कोणी घालवली, हे विचारणारी जागा मात्र त्या कौतुकात थोडी होती. आणि जिथे ती होती, तिथेही पुष्कळ वेळा हिटलरचेच नाव होते. गुरुजींना माझी एक विनंती आहे. शाळेची सहल पन्हाळा-जोतिबाला नेता, तशी एकदा वळिवड्याला न्या. तिथे आता स्मारक आहे. मुलांना त्यापुढे उभे करा, नकाशा उलगडा, आणि पूर्व पोलंडपासून कझाकस्तान, कझाकस्तानपासून कास्पियन समुद्र, तिथून इराण, कराची आणि मग आपली पंचगंगा, अशी रेघ त्यांच्याच हाताने ओढून घ्या.